कॅनॉलच्या कडेनं पोरांना शाळेत जाऊ द्या

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण बारामती-इंदापूर पट्ट्यात ज्यांची पोरं शाळा-कॉलेजला जातात, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

पालखी मार्ग चौपदरी झाला, चांगलं झालं. खड्ड्यांवर आम्हीच बातम्या करत होतो, त्यामुळं रस्त्याच्या विरोधात मी नाही. पण रस्ता रुंद झाला की गाड्यांचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की रस्त्यावरून पहिली गायब होते ती सायकल. त्यात कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, ड्रायव्हरच्या कानात गाणी, आणि रात्री कित्येक ट्रॉल्यांना रिफ्लेक्टरसुद्धा नाही. पुढची ट्रॉली चुकवली तरी मागची हेलकावे खात कुठं येईल, सांगता येत नाही. अशा रस्त्यावर सातवीतल्या पोरीला सायकल घेऊन कोण पाठवेल?

कुणीच पाठवत नाही. मग होतं काय? बाप पोराच्या हातात स्कूटी देतो. पोरगं चौदा-पंधराचं, लायसन नाही, मागं दोन मित्र. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे की अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे माहीत असूनही लोक गाडी देतात, कारण सायकलपेक्षा तीच बरी वाटते. ज्याच्याकडं स्कूटी नाही त्याची पोरगी एसटीची वाट बघते. एसटी चुकली की शाळा बुडते, आणि वर्षभर असंच चाललं की दहावीनंतर शिक्षणच थांबतं.

‘आता सायकल चालवतं कोण?’ असं विचारणारे भेटतात. त्यांनी सकाळी सहा वाजता रस्त्यावर येऊन बघावं. दुधाची किटली अडकवलेला म्हातारा, पाळीवर निघालेला कामगार, खुरप्याचं फडकं हँडलला बांधलेली बाई. ही माणसं फेसबुकवर नाहीत, म्हणून आपल्याला दिसत नाहीत. त्यांच्यातलं कुणी गेलं की पेपरात चार ओळी येतात, ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार’. केंद्राच्याच अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं मेली. त्यातले साडेचार हजारांहून अधिक सायकलवर होते.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडं पर्यायी वाट आधीपासून आहे. नीरा डावा कालवा. १८८५ च्या सुमारास सुरू झालेला, दीडशे किलोमीटरच्या आसपास लांबीचा. पिंपळी, काटेवाडी, भवानीनगर भागात तो पालखी मार्गापासून किती जवळून जातो, हे २०२५ च्या मे महिन्यात सगळ्यांनी बघितलं. पिंपळी-लिमटेकजवळ कालवा फुटला आणि पाणी थेट महामार्गावर आलं. त्या कालव्याच्या भरावावरून पाटबंधारे खात्याचा रस्ता जातो. सपाट आहे, बऱ्याच ठिकाणी सावली आहे, जमीन सरकारी आहे. म्हणजे भूसंपादन नाही, मोबदला नाही, कोर्टकचेरी नाही.

माझी मागणी साधी आहे. पहिला टप्पा म्हणून बारामती ते भवानीनगर एवढ्याच अंतरात कॅनॉलच्या कडेनं पक्का सायकल मार्ग करा. अडीच-तीन मीटर रुंदी पुरे, दोन सायकली समोरासमोरून आरामात गेल्या पाहिजेत. पाण्याच्या बाजूला मजबूत कठडा लावा. वेड्या बाभळी मुळासकट काढा, नाहीतर रोज पंक्चर. आणि तोंडाला लोखंडी खांब असे रोवा की सायकल जाईल, ट्रॅक्टर नाही. खात्याच्या गाडीसाठी ते कुलपानं काढता येतील असे ठेवा.

आक्षेप येणार, ते आधीच घेतो.

पहिला, शेतकऱ्याची वहिवाट. बरोबर आहे. जिथं रानात जायला दुसरी वाटच नाही, तिथं खांब नकोत. तेवढ्या तुकड्यात गतिरोधक टाका, ट्रॅक्टर हळू चालेल. शेतकऱ्याची पोरंच त्या वाटेनं जाणार आहेत, तो समजून घेईल.

दुसरा, पोरींची सुरक्षितता. हा खरा प्रश्न आहे, तो उडवून लावू नका. सुनसान वाट महामार्गापेक्षा बरी असतेच असं नाही. म्हणून सौर दिवे हवेत, थोड्या थोड्या अंतरावर गावात उतरायला रस्ता हवा आणि शाळेच्या वेळेत पोलिसांची फेरी हवी. वाट वापरात राहिली की सुनसान राहत नाही.

तिसरा, पुण्यात सायकल ट्रॅकचं काय झालं? महापालिकेनं २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, पण आज तिथले कितीतरी ट्रॅक पार्किंग आणि टपऱ्यांनी खाल्लेत. कारण ते तुकड्या-तुकड्यात झाले आणि चौक आला की संपले. त्यातून धडा एवढाच की वाट शाळेच्या दारापर्यंत सलग पाहिजे. महामार्ग ओलांडायचा असेल तिथं भुयारी मार्गाला जोडा. शेवटचे दोनशे मीटर धोक्याचे राहिले तर आधीचे दहा किलोमीटर वाया.

स्वतंत्र वाटेची कल्पना आपल्याला परकी नाही. ८ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांच्या हस्ते पालखी मार्गांचं भूमिपूजन झालं, तेव्हाच आराखड्यात दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी वेगळा पदपथ होता. चालणाऱ्या माणसाला गाड्यांपासून वेगळं ठेवलं पाहिजे, हे सरकारनं मान्य केलंय. तुकोबांची पालखी वर्षातून एकदा जाते. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीची शाळा वर्षाला किमान २२० दिवस भरते. या दिंडीलाही वाट द्या.

नेदरलँड्समध्ये सायकलींचं राज्य आहे म्हणतात, पण ते आपोआप आलं नाही. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांवर लोक गेले, त्यात चारशेहून अधिक लहान मुलं. अपघातात स्वतःची मुलगी गमावलेल्या एका पत्रकारानं ‘मुलांचे खून थांबवा’ असा लेख लिहिला, आई-बाप रस्त्यावर बसले, तेव्हा सरकार हललं. आपण तेवढी किंमत मोजून मग जागं व्हायचं का?

काम कुणाचं, तेही सांगतो. कालवा जलसंपदाचा, महामार्ग केंद्राचा, गावातला रस्ता जिल्हा परिषद किंवा नगरपरिषदेचा. तिघं एकमेकांकडं बोट दाखवणार. या सगळ्यांना एका टेबलावर बसवू शकतात ते जिल्हाधिकारी. रस्ता सुरक्षा समिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली असते, पैसा जिल्हा नियोजन समितीतून येऊ शकतो. चौपदरी रस्त्याच्या एका किलोमीटरच्या खर्चापुढं ही चिल्लर आहे.

काठावरच्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत ठराव घ्यावा. शाळा व्यवस्थापन समित्यांनी किती मुलं-मुली सायकलवर येतील याची यादी करून सोबत जोडावी. ठराव झाला की मला पाठवा, बातमी मी करतो. आणि तुमचं पोरगं शाळेत कसं जातं, ते खाली लिहा. गावाचं नाव आणि अंतर टाकायला विसरू नका, ती यादी घेऊनच साहेबांकडं जाऊ.