ऊस आपला, काटा त्यांचा

मंडळी, ह्या विकांताचा विषय जरा कोरडा आहे. पण शेवटी तो तुमच्या गावाकडच्या रेंजपाशी येतो, तेव्हा थोडा धीर धरा.

‘कॉर्बा’ हा शब्द उच्चारला की हल्ली टेलिकॉममधली नवी मंडळी हसतात. पेजर, फॅक्स, फ्लॉपी आणि कॉर्बा अशी एक रांगच त्यांच्या डोक्यात असते. पुढचं वाक्यही ठरलेलं: तेव्हाचं तंत्रज्ञान वाईट, म्हणून चार कंपन्यांची यंत्रं एका पडद्यावर आणता आली नाहीत, आता रेस्ट आहे, जेसन आहे, यांग आहे, प्रश्न मिटला.

मला हे साफ खोटं वाटतं. आणि सोयीचं खोटं. कुणाच्या सोयीचं ते पुढे येईलच.

आधी प्रश्न काय होता ते बघू. आमचा नगर जिल्हा घ्या (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, घरात अजून नगरच). क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटर, तालुके चौदा. पूर्वेला शेवगाव-पाथर्डीची उघडी माळरानं, पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई, १,६४६ मीटर. अकोल्याच्या दऱ्यांमध्ये टॉवरपर्यंत केबल नेणं महाग पडतं, म्हणून डोंगरावरून डोंगरावर मायक्रोवेव्हच्या उड्या मारत सिग्नल आत जातो.

आता टॉवर म्हणजे काही एक यंत्र नसतं. रेडिओ एका कंपनीचा, मायक्रोवेव्ह दुसरीचा, बॅटऱ्या, रेक्टिफायर आणि डिझेल जनरेटर तिसऱ्याच कुणाचे. प्रत्येक कंपनी आपल्या यंत्रांबरोबर आपलंच देखरेखीचं सॉफ्टवेअर देते, त्याला म्हणायचं ईएमएस. पावसाळ्यात डोंगरावरच्या टॉवरची वीज जाते, जनरेटरचं डिझेल संपतं, तिथला मायक्रोवेव्ह मरतो आणि त्याच्यामागची सगळी गावं गप्प होतात. विजेच्या पडद्यावर एक ओळ येते, मायक्रोवेव्हच्या पडद्यावर दुसरी आणि रेडिओच्या पडद्यावर एकदम दहा टॉवर ‘संपर्काबाहेर’. तीन पडदे, तीन माणसं, तीन तिकिटं. पहिला माणूस रेडिओ तपासायला दरीत उतरतो. तिथे रेडिओ ठणठणीत असतो आणि गरज वीस लिटर डिझेलची असते, तीही वेगळ्याच डोंगरावर.

म्हणजे ह्या तिन्ही पडद्यांच्या डोक्यावर एक चौथी यंत्रणा हवी, जिला सगळ्यांची भाषा कळेल. कॉर्बा आलं ते ह्या जागी.

कॉर्बाची कल्पना आजही मला देखणी वाटते. १९८९ साली स्थापन झालेल्या ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती काढली. आयडीएल नावाच्या एका तटस्थ भाषेत लिहून ठेवायचं की हा ऑब्जेक्ट अमुक प्रश्नांना उत्तरं देतो. त्यावरून कंपायलर दोन्ही बाजूंचा जोडकोड तयार करून देतो. मग इकडे पुण्यात सोलारिसवरचा सी प्लस प्लस प्रोग्रॅम तिकडच्या जावा प्रोग्रॅमला ‘चालू अलार्म दे’ म्हणतो आणि शेजारच्याच फंक्शनला हाक मारल्यासारखं उत्तर येतं. मोबाईलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने रिलीज ९९ पासून अलार्मसाठी हे रीतसर मांडलं: ३२.१११ हा दस्तऐवज, त्याचा एक भाग कॉर्बासाठी. अलार्मची तीव्रता कशी सांगायची, नोंद घेतली हे कसं कळवायचं, सगळं ठरलेलं. कुठल्याही कंपनीची ईएमएस वरच्या यंत्रणेशी ह्याच खिडकीतून बोलेल, असं ठरलं.

कॉर्बाचा त्रास नव्हता असं मी म्हणणार नाही. ऑब्जेक्टच्या पत्त्यात सर्व्हरचा आयपी कोरलेला असायचा, त्यामुळे मध्ये नॅट आलं की पत्ता बाद. अलार्म आला की सर्व्हर उलटा आपल्याला हाक मारणार, आणि फायरवॉलवाले म्हणणार, बाहेरून आत येणारं काहीही चालणार नाही. एका प्रकल्पात ह्या एका परवानगीसाठी आम्ही सात आठवडे मेलामेली केली आहे. २०१८ मध्ये जावा ११ मधून कॉर्बा काढून टाकलं तेव्हा मी काही सुतक पाळलं नाही :-)

पण मुद्दा असा की फायरवॉल शेवटी उघडायची. जोडणी व्हायची. बिट इकडून तिकडे जायचे. आणि खरा घोटाळा त्यानंतर सुरू व्हायचा.

थ्रीजीपीपीने नेटवर्कमधल्या वस्तूंचा एक सामाईक नमुना केला. नेटवर्क, त्यात उपकरण, त्यात सेल, असं झाड. ह्या झाडात एक खोका मुद्दाम ठेवला: व्हीएस-डेटा-कंटेनर. व्हीएस म्हणजे व्हेंडर स्पेसिफिक. मानकात न बसणारं जे काही असेल ते कंपनीने ह्यात टाकावं. हेतू वाईट नव्हता, नव्या सोयींना जागा हवीच असते. पण मी ज्या ज्या जोडण्यांवर काम केलं तिथे सामाईक नमुन्यात नावापुरती चार पानं आणि बाकी सगळा माल खोक्यात. खोक्याचा अर्थ सांगणारा दस्तऐवज मागितला की उत्तर यायचं: गोपनीय आहे, करार वाढवा, किंवा आमचंच वरचं सॉफ्टवेअर घ्या, त्याला सगळं कळतं.

नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे राजकारण शिकवावं लागत नाही. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० पासून साखर काढतोय. विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी तो शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा केला, आणि मग महाराष्ट्रभर असे कारखाने झाले. तरी कुठल्याही कारखान्याला ऊस घालणाऱ्याला विचारा, पोटात गोळा कधी येतो? गाडी काट्यावर चढते तेव्हा. ‘काटामारी’ हा शब्द उगाच नाही तयार झाला. ऊस तुमचा, घाम तुमचा, पण वजन किती हे ज्याच्या काट्यावर ठरतं तो खरा मालक. नेटवर्कचा काटा म्हणजे हा नमुना. तार कॉर्बाची की रेस्टची, हा काट्याला पिवळा रंग द्यायचा की निळा, असा वाद आहे.

म्हणूनच ‘आता प्रश्न मिटला’ म्हणणाऱ्यांचा राग येतो. थ्रीजीपीपीने रिलीज १५ पासून सेवांवर आधारित नवी मांडणी आणली, रेस्टही आलं, यांगही आलं. नव्या मांडणीत सामाईक नमुन्याचा दस्तऐवज आहे २८.६२२. उघडून बघा. व्हीएस-डेटा-कंटेनर तिथे सुखाने नांदतोय! यांगमध्येही कंपनीला आपली खाजगी मॉड्यूलं जोडता येतातच. कॉर्बा गेलं, खोका राहिला.

नावांची गंमत तर वेगळीच. एका ऑपरेटरच्या कामात (नाव नको) एका ईएमएसमध्ये अकोले तालुक्यातल्या साइट्सना ‘अकोला’ असं नाव दिलेलं होतं. महाराष्ट्र सर्कल एकच, त्यामुळे यादीत विदर्भातलं अकोलाही होतं. राजूरच्या टॉवरचं तिकीट विदर्भातल्या टीमकडे गेलं, त्यांनी इमानदारीत ‘आमच्याकडे अशी साइट नाही’ लिहून ते बंद केलं. टॉवर बंद, तिकीटही बंद. कॉर्बाने तो संदेश एकही बिट न गमावता पोचवला होता, हं.

आता जिल्ह्याचंच नाव बदललंय. जिथे जिथे ‘जिल्हा’ हा रकाना मोकळा मजकूर आहे आणि दोन यंत्रणा अक्षरं जुळवून एकमेकींना ओळखतात, तिथे एकीत अहमदनगर आणि दुसरीत अहिल्यानगर झालं की टॉवर अनाथ. हे किरकोळ वाटत असेल तर ट्रायचे २०२४ चे सेवा-गुणवत्तेचे नियम बघा. जिल्ह्यात नेटवर्कचा मोठा खंड चार तासांपेक्षा जास्त राहिला तर ट्रायला कळवायचं. चोवीस तासांच्या वर गेला तर त्या जिल्ह्यातल्या पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट, आणि एप्रिल २०२५ पासून प्रीपेडवाल्याला मुदतवाढ. चांगला नियम आहे. पण तो ‘जिल्हा’ ह्या रकान्यावर उभा आहे, आणि रकाना ऑपरेटरच्या यंत्रणेत आहे, आणि यंत्रणेत आत काय येतं ते कंपन्यांच्या खोक्यांवर अवलंबून आहे.

शिवाय जिल्हा हे माप आमच्यासाठी फारच ढोबळ. १७ हजार चौरस किलोमीटरमध्ये हरिश्चंद्रगडाखालची चार गावं तीन दिवस अंधारात गेली तर तो ‘जिल्ह्यातला खंड’ होत नाही. जुन्या, २००९ च्या नियमांत टॉवर बंद राहण्याच्या एकूण वेळेला दोन टक्क्यांची मर्यादा होती, आणि महिन्यात चोवीस तासांहून जास्त बंद राहिलेले टॉवरही दोन टक्क्यांच्या वर नकोत अशी दुसरी. साधा हिशोब करा: पन्नास टॉवरांपैकी एक महिनाभर पूर्ण बंद आणि बाकीचे एक सेकंदही न पडलेले, तर दोन्ही आकडे बरोब्बर दोन टक्के. पास! तो पन्नासावा टॉवर ज्या वाडीचा आहे तिथून कुणी १०८ ला फोन लावत असेल तर त्याने काय करायचं?

ह्यावर व्यवस्थापनातले लोक म्हणतात, एकाच कंपनीकडून सगळं घ्या, किंवा नेटवर्क चालवायलाच बाहेर द्या, कटकट मिटते. भारती एअरटेलने फेब्रुवारी २००४ मध्ये एरिक्सनशी केलेला करार जगभर गाजला. यंत्रांच्या किमतीऐवजी वापरलेल्या क्षमतेवर, अर्लांगवर पैसे. त्यातून खर्च उतरला, कॉल स्वस्त झाले, माझ्या आजीच्या हातात मोबाईल आला, हे नाकारणारा कृतघ्न म्हणावा लागेल. पण यंत्रं विकणारा आणि ती नीट चालतात का हे मोजणारा एकच झाला, हेही त्याच काळात रूढ झालं. कारखान्याच्या चेअरमनलाच वैधमापन निरीक्षक नेमल्यासारखं.

आणि ‘एकच कंपनी’ टिकते कुठे? जिओचं ४जी २०१६ मध्ये सॅमसंगच्या रेडिओवर सुरू झालं, ५जीला नोकिया आणि एरिक्सन आले. व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एक झाले, म्हणजे दोन संसारांची भांडी एका स्वयंपाकघरात. नॉर्टेलने २००९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. मोटोरोलाचा नेटवर्क धंदा २०११ मध्ये नोकिया सीमेन्सकडे गेला, अल्काटेल-ल्युसेंट २०१६ मध्ये नोकियाने गिळली. डोंगरावरचा टॉवर ह्या सगळ्यांपेक्षा जास्त जगतो. खोक्याची किल्ली ज्याच्या खिशात होती तो माणूसच उरत नाही, मग पुण्यात आमच्यासारखे कुणीतरी रात्र रात्र बसून हेक्स डंप वाचतात. (आमचा पगार त्यातूनच निघतो म्हणा.)

‘पण नमुना खुला केला तर स्पर्धा कशी होणार?’ हा एक नेहमीचा प्रश्न. स्पर्धा रेडिओवर करा ना. कमी विजेत जास्त लांब पोचून दाखवा. ‘बॅटरी किती टक्के उरली’ ह्या आकड्याला काय नाव दिलंय, हे कसलं व्यापारी गुपित?

बीएसएनएलकडे इथे मोठी संधी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये देशी बनावटीचं ४जी जाळं रीतसर सुरू झालं: गाभा सी-डॉटचा, रेडिओ तेजसचे, जुळणी टीसीएसची, टॉवर ९७ हजारांच्या वर, खर्च सुमारे ३७ हजार कोटी. यंत्रं देशी आहेत ह्याचा मलाही आनंद आहे. पण देशी खोकासुद्धा खोकाच. पैसा सार्वजनिक, गिऱ्हाईक सरकार, गुपितं सांभाळायचं कारण सगळ्यात कमी इथेच.

म्हणून मागण्या फार नाहीत. खाजगी खोका ठेवा, पण त्यातल्या प्रत्येक गोष्टीचं नाव, एकक आणि अर्थ सांगणारी व्याख्या यंत्राबरोबर जाहीर करा, आणि कंपनी बुडाली तरी ती वापरण्याचा हक्क खरेदीदाराकडे राहू द्या. दूरसंचार खात्याचं टीईसी उपकरणांच्या सुरक्षेच्या वगैरे चाचण्या सक्तीने करतंच, तिथे ह्या खिडकीचीही चाचणी घ्या: दुसऱ्याच कंपनीच्या यंत्रणेने जोडून दाखवायचं, अलार्म उमटला पाहिजे आणि वाचता आला पाहिजे. टॉवरला शासनाचा गाव-क्रमांक जोडा, म्हणजे जिल्ह्याचं नाव बदलो वा अकोल्याचं अकोला होवो, साइट हरवणार नाही. आणि बंद वेळ टॉवरगणिक, गावाच्या नावासकट लोकांना बघू द्या, सरासरी नको. हे सगळं निविदेत तांत्रिक पात्रतेच्या पानावर हवं, किंमतीची पाकिटं उघडायच्या आधी. कारण पाकीट उघडल्यावर खोक्याची व्याख्या मागायला गेलेल्या माणसाला कंपन्या जो चहा पाजतात, तो मी बराच प्यायलोय.