आधी ओहम सांगा, मग बॉक्स बदला

जुन्या पोकलेनच्या डिस्प्लेवर कम्युनिकेशनचा कोड पडला, इंजिन स्लोवर अडकलं आणि रेस घेईना, की पन्हाळा तालुक्यात कोडोलीपासून बाजारभोगावपर्यंत एकच निकाल ऐकू येतो: "ईसीएम गेलं, नवीन टाका." निकाल देणाऱ्याने मीटर लावलेला नसतो, एक कपलर उघडून बघितलेला नसतो. तरी लाखाच्या घरातला खर्च तो छातीठोकपणे सांगतो, आणि हप्ता डोक्यावर असलेला मालक मुकाट्याने देतो. मी याच तालुक्यात मशीनच्या वायरिंगचं काम करतो. माझं मत ऐका: न मोजता बॉक्स बदलायला लावणं ही चोरी आहे. अज्ञानातून झाली तरी चोरीच, कारण मालकाचे पैसे दोन्ही वेळी जातातच.

मशीनमध्ये इंजिनचा बॉक्स म्हणजेच ईसीएम, पंपाचा बॉक्स आणि कॅबिनमधला डिस्प्ले एकमेकांशी दोन तारांवर बोलतात. या पद्धतीला कॅन म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने तिच्यावर १९८३ मध्ये काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या अभियंत्यांच्या परिषदेत ती जगापुढे मांडली. म्हणजे ही विद्या चाळीस वर्षांची झाली. यात गूढ काही नाही. दोन तारा, एक हाय आणि एक लो, एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. किल्ली बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, दोन तारांमध्ये मीटर धरा. ६० ओहम आले पाहिजेत. १२० आले तर एक टोक तुटलंय किंवा रेझिस्टर गेलाय. दोन-चारच ओहम आले तर तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. ४० च्या आसपास आले तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवलाय. मग बॅटरी जोडून किल्ली फिरवा: हाय तारेवर बॉडीशी अडीच व्होल्टच्या किंचित वर, लो तारेवर किंचित खाली. एवढं करायला साधा मल्टीमीटर पुरतो. काही मशीनवर अशा दोन-तीन लाइनी असतात, तेव्हा कोड कुठल्या लाइनचा आहे ते आधी बघावं लागतं.

६० दिसले म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. मधल्या फांदीची तार तुटली तरी मुख्य लाइनवर ६० च दिसतात, आणि त्या फांदीवरचा बॉक्स मात्र मुका. तसंच ज्या बॉक्सच्या पोटातच रेझिस्टर आहे, त्याचा कपलर काढला की १२० दिसणारच. त्यावरून त्या बॉक्सला खराब ठरवणारे मी बघितलेत. कोडमध्ये ६३९ हा आकडा दिसला की लोक घाबरतात. कॅनवर चालणाऱ्या जे१९३९ या पद्धतीत त्याचा अर्थ एवढाच, की लाइनवर गडबड आहे. कुठला बॉक्स मेलाय, हे तो सांगत नाही. शिवाय तक्रार करणारा बॉक्स तर जिवंत असतो, म्हणून तर तो तक्रार करतो. ज्याचा आवाज येत नाही, त्याचा फ्यूज, त्याला येणारा २४ व्होल्टचा सप्लाय आणि त्याची अर्थ आधी तपासायला नको का? तीही मशीन चालू असताना, भार असताना. नुसता टेस्ट लॅम्प पेटला म्हणजे अर्थ चांगली, हे शहाणपण आता पुरे झालं.

खरा दोष बहुतेक वेळा तारेत, पिनमध्ये नाहीतर अर्थिंगमध्ये निघतो, आणि आमच्या भागात तो निघणारच. पावसाळ्यात पन्हाळ्याच्या अंगाखांद्यावर धुकं दिवसदिवस हलत नाही. शेततळ्यांची, सपाटीकरणाची कामं थांबतात आणि मशीन बांधावर तशीच उभी राहते. कपलरच्या आत ओल जाते, पिनांवर हिरवा थर चढतो, सीटखाली उंदीर घर करतात. उन्हाळ्यात जांभ्याची तांबडी धूळ बसते. ती घालवायला प्रेशर पंपाचा फवारा थेट कपलरवर मारतात. बकेटचे दात वेल्डिंग करताना बॅटरी काढत नाहीत, अर्थचा चिमटा चेनला लावून मोकळे होतात. तो करंट परतीची वाट शोधत बॉक्समधूनही जाऊ शकतो.

सगळ्यात वाईट खोड ट्रॅकरची. कर्ज चालू असताना कुणीतरी ट्रॅकर बसवतो आणि थेट कॅनच्या तारा सोलून जोडतो. कर्ज फिटलं की तो ओढून काढतात आणि सोललेली तार टेप गुंडाळून सोडतात. कासारीकाठच्या एका पोराची मशीन सकाळी दव असताना बंद पडायची आणि उन्हं चढली की चालायची. त्यालाही बॉक्स बदलायचा सल्ला मिळाला होता. खराब बॉक्सला ऊन आणि दव कळतं का? दोष अशाच सोडलेल्या जोडात होता. जोड कापून सोल्डर केला, वर हीट श्रिंक चढवली, तारा पुन्हा पिळल्या. मशीन चालली.

हा पोरगा फसला तो खरेदीच्या दिवशीच. चेनवर चालणाऱ्या पोकलेनला ट्रकसारखं आरसी बुक नसतं, त्यामुळे मागचा इतिहास कागदावर सापडत नाही. अवर मीटरचा आकडा डिस्प्ले बदलला की बदलू शकतो. गिऱ्हाईक यायच्या आधी दलाल कोड पुसतो आणि मशीन तापवून ठेवतो, कारण तापलेल्या मशीनमध्ये ओलीचा दोष लपतो. हे ज्याला माहीत आहे आणि तरी जो गप्प राहून विकतो, त्याला व्यापारी म्हणायची माझी तयारी नाही.

कंपन्यांनाही मी सोडणार नाही. वायरिंगचा नकाशा आणि सर्व्हिसचं सॉफ्टवेअर कुलपात ठेवायचं, आणि बाहेरच्या मिस्त्रीला अडाणी म्हणायचं, हा कुठला न्याय? २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला. आरोप हाच होता: सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं घेतली. पोकलेनचं नाव त्यात वेगळं नाही. कर्ज काढून मशीन घेणारा शेतकऱ्याचा पोरगा ग्राहक नाही का?

२०२१ च्या जुलैत पन्हाळ्याला जाणारा रस्ता खचला. अशा दिवशी दरड हलवायला जी मशीन लागते, ती एका गंजलेल्या पिनमुळे उभी राहिली तर नुकसान एकट्या मालकाचं नसतं. शिकवायची सोयही जवळच आहे: वारणानगरात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या प्राध्यापकांनी वर्षातले चार रविवार तालुक्यातल्या ऑपरेटर-मिस्त्रींना द्यावेत आणि मीटर हातात देऊन शिकवावं. खर्च नगण्य आहे.

आणि मशीन मालकांनो, तोवर तुम्ही एवढं करा. जुनी मशीन बघायला भल्या सकाळी, न सांगता जा. ती थंड असताना स्वतः चालू करा, दोन तास चालवा आणि सीटमागच्या वायरिंगवर टेपचे जोड शोधा. कुणी बॉक्स बदला म्हणालं तर ओहम किती आले आणि कुठे मोजले, ते विचारा. आकडा सांगता आला नाही, तर त्याला मशीनला हात लावू देऊ नका.