आंकडा न सांगणारीं मापें

कळंबहून एका वाचकांचें पत्र आलें आहे. नेरळ स्थानकावर उतरून पुढें सडकेनें जावें लागणारें हें कर्जत तालुक्यांतलें गांव. कुटुंब एकत्र, भातशेती घरची, पंप, मळणीयंत्र, चक्की अशीं तीन-चार यंत्रें पदरीं. आणि पुतण्यांनीं मागल्या पडवींत एक शेगडा, कानशी व जुनें लेथ मांडून दुरुस्तीचें काम आरंभिलें आहे. पुतणे अंक दाखविणारा डिजिटल कॅलिपर मागतात. वडील बंधु म्हणतात, शाळेच्या कंपासपेटींतलें कर्कटक घरांत आहे, तेवढें पुरे. कोणाचें ऐकावें, असा पत्रलेखकांचा प्रश्न आहे.

कंपासपेटींतलें कर्कटक पुरणार नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. त्याचा उपयोग बांकावर नांवें कोरण्याकडेच अधिक होत आला आहे! परंतु आंकड्याशिवायहि माप घेतां येतें, ही जी गोष्ट वडील बंधूंच्या मनांत असावी, ती पुतण्यांनीं प्रथम शिकावी असें आमचें मत आहे.

बैलगाडीचें बारा आऱ्यांचें लांकडी चाक घ्या. त्रिज्येएवढें कर्कटक उघडून परिघावर पावलें टाकीत गेलें कीं सहावें पाऊल बरोबर आरंभाच्या खुणेवर येतें. प्रत्येक भाग दुभागला कीं बारा आऱ्यांच्या खुणा मिळाल्या. ह्यांत इंच नाहीं कीं सूत नाहीं. पुढें लोहार धाव चढवी, तोहि चाकाचा घेर चाकावरूनच घेई, धाव किंचित् आखूड ठेवी आणि तापवून बसवी. निवतांना ती आवळून बसे. हाच घेर व्यास मोजून व बावीस सप्तमांशांनीं गुणून काढूं म्हटलें, तर व्यासांतली एका सुताची चूक घेरांत तीन सुतांहून मोठी होते. गणित खोटें नसतें. मधल्या मोजणीनें घात होतो.

पंपाच्या दांड्याचेंहि असेंच आहे. यंत्राच्या पुस्तकांत दांडा दीड इंचाचा लिहिलेला असतो. वर्षानुवर्षें फिरून तो झिजलेला असतो, हें पुस्तकाला ठाऊक नसतें. घरांतला शिकलेला मुलगा चिठ्ठीवर ‘१॥ इंच’ असें सुवाच्य अक्षरांत लिहून लेथवाल्याकडे धाडतो. बुश चिठ्ठीबरहुकूम येतें आणि दांड्यावर खडखडतें. मग उन्हाळी पिकाला पाणी हवें असतांना दोन दिवस पंप बंद, आणि दोष कारागिराच्या माथीं! त्या चिठ्ठीबरोबर दांड्यावर लावून घेतलेला कॅलिपर गेला असता तर हा प्रसंग येता ना. आमच्या पांढरपेशा घरांत लिहिलेल्या आंकड्यावर जो विश्वास असतो, तो हाताला लागलेल्या मापावर नसतो. पडवींतल्या कारखान्यानें ही खोड मोडली तरी त्याचे पैसे वसूल झाले असें आम्ही समजूं.

आतां निवडीविषयीं. कर्कटक सहा इंची, म्हणजे सुमारें १५० मिलिमीटर लांबीच्या पायांचें, पोलादी आणि वरच्या बाजूस स्प्रिंग व मध्यें आट्यांची चाकी असलेलें घ्यावें. नुसत्या घट्ट सांध्याचें कर्कटक स्वस्त मिळतें, पण जरा धक्का लागला कीं माप सरकतें. दुकानांतच तें मिटून उजेडापुढें धरावें. दोन्ही टोकें सारख्या लांबीचीं असून एका बिंदूंत मिळालीं पाहिजेत. पाय आडवे हलवून पाहतां सांधा डुगडुगतां कामा नये. टोकें बोथट झालीं तर बाहेरच्या अंगानेंच, फार थोडीं, घासावींत.

माप लावतांना पट्टीच्या टोकापासून कधीं लावूं नये, कारण टोक झिजलेलें असतें. पोलादी पट्टीवरच्या रेघा खोदलेल्या असतात. एक पाय १० मिलिमीटरच्या रेघेंत ठेवून दुसरा इष्ट रेघेंत अलगद अडकवावा. एखादी लांबी सात सारख्या भागांत वांटावयाची असेल तर अदमासानें कर्कटक उघडून सात पावलें टाकावींत. शेवटचें पाऊल जेवढें पुढें जाईल त्याच्या सातव्या हिश्शानें कर्कटक मिटावें. दोन-तीन खेपांत काम होतें. भागाकार करून दशांश मोजीत बसणाराला त्याच वेळांत एवढें अचूक काम करतां येणार नाहीं. पाऊल टाकतांना कर्कटक एकदां ह्या बाजूनें, एकदां त्या बाजूनें फिरवावें, म्हणजे बोटें पिळत नाहींत. लोखंडावर रेघ दिसावी म्हणून खरबरीत भागाला खडू आणि घासलेल्या पोलादाला मोरचुदाचें पाणी लावावें; तांब्याचा पातळ लेप बसून बारीक रेघहि उठून दिसते. वर्तुळाच्या मध्याशीं पंचानें लहानसा खळगा करावा, नाहींतर पाय घसरतो.

कॅलिपर निदान तीन हवेत. बाहेरचें माप घेणारा, म्हणजे आंत वळलेल्या पायांचा. भोंकाचें माप घेणारा, म्हणजे बाहेर वळलेल्या टोकांचा. आणि तिसरा एक पाय वळलेला व एक टोकदार असलेला. हा तिसरा दिसायला विचित्र, पण आमच्या विशेष आवडीचा. त्याचा वळलेला पाय कडेला टेकवून ओढला कीं कडेशीं समांतर रेघ पडते. आणि गोल दांड्याच्या तोंडावर चार बाजूंनीं चार कमानी मारल्या कीं मधला लहान चौकोनच मध्यबिंदु दाखवितो.

बाहेरचा कॅलिपर दाबून बसवावयाचा नसतो. तो असा लावावा कीं केवळ स्वतःच्या भारानें दांड्यावरून हळूच घसरेल. जोर दिला तर पाय लवतात आणि माप फसतें. दांडा फिरत असतांना तर कॅलिपर जवळहि नेऊं नये, बोटें जातील. आंतला कॅलिपर लावतांना एक पाय स्थिर ठेवून दुसरा झुलवावा: आडव्या दिशेंत सर्वांत मोठें आणि भोंकाच्या लांबीच्या दिशेंत सर्वांत लहान जें माप लागेल तोच खरा व्यास. मग त्या आंतल्या कॅलिपरच्या टोकांवर बाहेरचा कॅलिपर जुळवावा, म्हणजे भोंकाचें माप दांड्यापर्यंत आंकडा मध्यें न येतां पोंचतें. सरावलेल्या बोटांना इंचाच्या एक-दोन सहस्रांशांचा फरक कळतो. सुतार आजहि सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, बोलतो आणि लेथवाला मिलिमीटर. कॅलिपरला दोघेहि सारखेच.

हें सर्व खेडेगांवापुरतें आहे असें नव्हे. पत्रलेखकांच्या परिचयाची नेरळ-माथेरानची दोन फुटी गाडी १९०७ साली सुरू झाली. तिच्या काय किंवा कोणत्याहि आगगाडीच्या काय, एकाच आंसावरचीं दोन चाकें सारख्या व्यासाचीं असावीं लागतात. तेथें पहिला प्रश्न ‘किती?’ हा नसून ‘सारखीं आहेत ना?’ हा आहे. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर नांगराचे कारखानदार होण्यापूर्वीं मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें यांत्रिक रेखनाचे शिक्षक होते, हें वाचकांस ठाऊक असेलच. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली तिच्या मागें कर्कटक धरलेला हात होता.

मग पुतण्यांचा डिजिटल कॅलिपर? घ्यावा, पण सहा महिन्यांनीं. त्याआधीं व्हर्निअर घेतला तर उत्तम. १६३१ साली पिएर व्हर्निए ह्या फ्रेंच गृहस्थानें ही युक्ति प्रसिद्ध केली: ४९ मिलिमीटरांचे ५० भाग केले कीं ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचतां येतें, आणि त्याला बॅटरी लागत नाहीं. डिजिटलचा पडदा ०.०१ दाखवितो, पण सामान्य हत्याराची खरी खात्री त्याहून ढोबळ असते. दोन्हीं प्रकारांत जबडे पुसून, मिटून, शून्य येतें कीं नाहीं हें दर वेळीं पाहावें. आणि लहान भोंकांचीं मापें हीं हत्यारें जराशीं कमीच सांगतात, तेथें पुन्हां आंतला कॅलिपरच खरा.

हीं हत्यारें घरांतल्या मुलींच्या हातींहि द्यावींत. अलगद स्पर्श हें ज्या कामाचें मर्म, त्यांत मुलगा-मुलगी हा भेद कसला? मात्र कळंबच्या पावसाचें भान ठेवावें. ओल्या हातांनीं हाताळलेलें पोलाद एका रात्रींत तांबूस होतें. काम संपतांच कोरड्या फडक्यानें पुसून यंत्राच्या तेलाचा हात फिरवावा, स्प्रिंगची चाकी सैल करावी, आणि हत्यारें चामड्याच्या पिशवींत न ठेवतां सागवानी पेटींत ठेवावींत. चामडें ओल धरून बसतें. पेटी पडवींत नको. चुलीपासून थोड्या अंतरावरच्या कोरड्या फळीवर ती ठेवूं देण्यास घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांची संमति आधींच मिळवून ठेवावी.