५० वर्षांचा लष्करी ट्रक अंगणात दुरुस्त होतो, मग तुमचा फोन का नाही?

मागच्या महिन्यात मी फोनची बॅटरी बदलली. चार्जिंग झकास, पण सेटिंग्जमध्ये मेसेज आला की हा पार्ट ओळखता येत नाही. बॅटरी हेल्थ दिसणंही बंद झालं. दुकानदार म्हणाला, "भाऊ, चालतोय ना? मग तिकडे बघूच नका."

त्याच रात्री यूट्यूबवर अमेरिकेतला एक माणूस दिसला. सैन्याने लिलावात काढलेला सहा चाकी ट्रक त्याने घरी आणला होता आणि पाना घेऊन तो एकटाच ब्रेक खोलत होता. गाडीचं वय जवळपास ५० वर्षं. सध्या अमेरिकेत 'राइट टू रिपेअर', म्हणजे स्वतः दुरुस्ती करण्याच्या हक्कावरून जो वाद चाललाय, तो या ट्रकवरून छान समजतो.

हा ट्रक नेमका कोणता?

नाव एम-३५ए२, टोपणनाव 'ड्यूस अँड अ हाफ', म्हणजे अडीच. रस्ता सोडून चिखल-दगडात अडीच टन माल वाहायचा, हे त्याचं काम. सहाही चाकांना इंजिनची ताकद मिळते. इंजिन 'मल्टिफ्युएल' आहे. मुख्य इंधन डिझेल, पण केरोसीन किंवा विमानाचं इंधनही चालतं आणि अगदीच अडलं तर पेट्रोलसुद्धा. इंजिनात एकही चिप नाही.

सोपं काम आहे असं मात्र समजू नका. रिकामा ट्रक सुमारे सहा टनांचा. आणल्यावर सगळ्यात आधी ब्रेक बघायचे, कारण हायड्रॉलिक लाइन एकच असते. ती फुटली की सगळ्या चाकांचे ब्रेक एकदम जातात. सैन्याने १९८० च्या दशकात सिलिकॉनचं डॉट-५ ब्रेक ऑइल वापरायला सुरुवात केली, त्यात साधं डॉट-३ मिसळायचं नाही. हबचं सील गळलं तर एक्सलचं ऑइल ब्रेक ड्रमवर येतं. एअर टँकमध्ये साचलेलं पाणी रोज काढायचं. करंट २४ व्होल्टचा, दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या जोडून घेतलेला. रिमवर लोखंडी लॉक रिंग असते. ती नीट बसली नसेल तर हवा भरताना उडून जीव घेऊ शकते, म्हणून टायर पिंजऱ्यात ठेवून हवा भरतात. आपल्या हायवेवरच्या पंक्चरवाल्यांना ही रिंग चांगलीच माहीत आहे.

खरी जादू पुस्तकात आहे

मग एकटा माणूस हे करतो कसं? सैन्याने या गाडीची टेक्निकल मॅन्युअल्स छापली आणि आज ती कोणालाही मिळतात. ड्रायव्हरने निघण्याआधी काय तपासायचं, ग्रीस कुठे आणि कधी भरायचं, इंजिन कसं खोलायचं, सगळं चित्रांसकट दिलंय. १९-२० वर्षांच्या नव्या सैनिकालाही जमलं पाहिजे, असा विचार करून ती लिहिलीत.

दुसरी गोष्ट आकड्यांची. सैन्याच्या प्रत्येक पार्टला १३ आकडी स्टॉक नंबर असतो. तो नंबर त्या *प्रकारच्या* पार्टचा असतो. त्या नंबरचं सील कुठल्याही गोदामातून आणा, बसतं. फोनमध्ये कंपनी जे 'पार्ट पेअरिंग' करते, ते नेमकं उलटं आहे. तिथे नंबर त्या *एकाच नगाचा* असतो आणि सॉफ्टवेअर विचारतं, "ही माझीच बॅटरी आहे का?" दुसऱ्या तशाच फोनमधली अस्सल बॅटरी टाकली तरी ती परकी ठरू शकते.

मग चिप वाईट का?

नाही. १९९० च्या दशकात सैन्यात एफएमटीव्ही ट्रक आले. त्यांचा गिअरबॉक्स इलेक्ट्रॉनिक आहे, पुढच्या ए-१ मॉडेलमध्ये इंजिनही इलेक्ट्रॉनिक झालं आणि एबीएस आलं. एका लाइनवर चालणाऱ्या ब्रेकपेक्षा हे नक्कीच चांगलं. हेही ट्रक आता लिलावात मिळतात. बिघाडाचे कोड वाचता येतात, पण इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या सेटिंग्ज बदलायला इंजिन कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. पाना जुन्या ट्रकच्या मालकाकडे होता, इथे तो कंपनीकडे राहिला.

आता सैन्यही तेच म्हणतंय

अमेरिकेच्या सैन्यालाही स्वतःच्या अनेक मशिन्स स्वतः दुरुस्त करता येत नाहीत. मॅन्युअल, डेटा, सॉफ्टवेअर कंत्राटदाराकडे असतं. आर्मी सचिव डॅन ड्रिस्कॉल यांनी २०२५ मध्ये ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरच्या एका छोट्या नॉबचं उदाहरण दिलं. सैन्य तो सुमारे १५ डॉलरमध्ये बनवू शकतं, पण घ्यावी लागते पूरी असेंब्ली, सुमारे ४७ हजार डॉलरची.

३० एप्रिल २०२५ ला संरक्षण सचिव पीट हेगसेथ यांनी कंत्राटांत दुरुस्तीचा हक्क आणण्याचे आदेश दिले. डेमोक्रॅट एलिझाबेथ वॉरन आणि रिपब्लिकन टिम शीही यांनी मिळून त्यासाठी विधेयक आणलं. असं एकमत अमेरिकेत क्वचित दिसतं. तरीही डिसेंबरमध्ये वार्षिक संरक्षण कायद्याच्या अंतिम मसुद्यातून या तरतुदी वगळल्या गेल्या. कंपन्यांचं म्हणणं की डिझाइन ही त्यांची बौद्धिक संपदा आहे, ती द्यावी लागली तर नवं संशोधन कोण करणार? मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण नॉब बदलायला पूर्ण हेलिकॉप्टरचं डिझाइन लागत नाही.

आपल्या खिशाचा प्रश्न

जगातलं सर्वात श्रीमंत सैन्य जिथे अडतं, तिथे आपण एकेकटे काय करणार? पण नियम बदलतायत. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने २०२४ मध्ये पार्ट पेअरिंगवर बंदी घालणारा कायदा केला. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं. २०२५ मध्ये एका समितीने मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी 'रिपेअरेबिलिटी इंडेक्स'चा अहवाल दिला. वस्तू किती सहज दुरुस्त होते, याचे मार्क त्यात असतील. पोर्टलवर माहिती देणं कंपन्यांना ऐच्छिक आहे, ही त्याची कमजोरी.

मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून एक सांगतो. "पार्ट ओळखता येत नाही" हा मेसेज आपोआप येत नाही. कोणीतरी मीटिंगमध्ये ठरवतं आणि माझ्यासारखा कोणीतरी तो कोड लिहितो. ट्रकचं मॅन्युअल लिहिणाऱ्यांनीही असंच बसून ठरवलं होतं, फक्त उलट दिशेने.

पुढचा फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलसोबत तीन गोष्टी विचारा. स्क्रीन आणि बॅटरीची किंमत किती? पार्ट किती वर्षं मिळतील? बाहेर बदलला तर फोन कुठलं फीचर बंद करेल? दुकानदाराला उत्तर माहीत नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.