धीर धरायचा तिनं, मिळायचा त्याला

‘अजून लहान आहे, शिकेल हळूहळू.’ हे वाक्य आपल्या घरात, गल्लीत, गावात कुणाबद्दल बोललं जातं ते एकदा कान देऊन ऐका. दहावीला दोनदा बसलेल्या मुलाबद्दल. ट्रॅक्टर दुसऱ्याच्या बांधावर घालणाऱ्या पुतण्याबद्दल. भाकरी जाड थापणाऱ्या बारा वर्षांच्या पोरीबद्दल हे वाक्य कुणी उच्चारत नाही. तिला ‘सासरी आमचं नाव घालवशील’ एवढंच ऐकायला मिळतं. शिकायला मुदत मुलग्याला, आणि मुलीची मात्र पहिल्या दिवसापासून परीक्षा.

ही वाटणी मैदानावर जितकी उघडी पडते तितकी दुसरीकडे कुठेच पडत नाही. म्हणून या वेळी मी फुटबॉलबद्दल लिहिणार आहे. ‘शहागडला कुठला आलाय फुटबॉल?’ असं कुणी विचारील. बरोबर आहे. गोदावरीच्या काठचं, बीडच्या रस्त्यावरचं आमचं गाव. इथे पोरी खेळल्याच तर कबड्डी आणि खो-खो खेळतात. पण खेळ बघणारे आणि खेळणाऱ्यांवर निकाल देणारे पुरुष स्टँडवरच्या प्रत्येक हॉटेलात बसलेले असतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक आपल्या देशात झाला. ११ तारखेला भुवनेश्वरला आपल्या मुली अमेरिकेकडून आठ गोलांनी हरल्या. दुसऱ्या दिवशी ज्यांना संघातल्या एकाही मुलीचं नाव माहीत नव्हतं त्यांच्याही तोंडी तो आठचा आकडा होता. ‘कशाला खर्च करतात यांच्यावर?’ पुढे मोरोक्कोने तीन आणि ब्राझीलने पाच गोल केले. तीन सामन्यांत सोळा गोल खाल्ले, एकही करता आला नाही. निकाल लागला आणि विषय संपला.

आता पाच वर्षं मागे जाऊ. ऑक्टोबर २०१७ मध्ये याच वयाच्या मुलांचा विश्वचषक आपल्याकडे भरला होता. आपली मुलं अमेरिकेकडून ३-०, कोलंबियाकडून २-१ आणि घानाकडून ४-० अशी हरली. तीन सामने, तीन पराभव. पण तेव्हाचा सूर आठवा. ‘हरले पण लढले’, ‘हीच उद्याची पिढी’. जिकसन सिंगने कोलंबियाविरुद्ध केलेला एकुलता एक गोल देशभर कौतुकाने पाहिला गेला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता. फुटबॉलसाठी पेठांपेठांत जीव टाकणाऱ्या त्या शहराने हरून आलेल्या पोरावर माया केली. त्या मायेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोरावर मायाच करायची असते.

पण ती माया नुसत्या शब्दांची नव्हती, हे महत्त्वाचं. मुलांचा विश्वचषक संपला आणि फुटबॉल महासंघाने त्यातल्या बहुतेक मुलांचा ‘इंडियन अॅरोज’ नावाचा संघ बांधून तो थेट आय-लीगमध्ये, मोठ्या माणसांविरुद्ध, उतरवला. पहिल्याच हंगामात हा संघ तळाला राहिला. नियमाप्रमाणे तळाचा संघ खालच्या गटात जातो, पण यांना त्यातून सूट होती. कितीही हरा, तुम्हाला कुणी बाहेर काढणार नाही, तुम्ही फक्त खेळत राहा. असे पाच हंगाम त्या संघातून पोरं खेळली आणि तयार झाली. जिकसन सिंग, अनिकेत जाधव पुढे देशाच्या मोठ्या लीगमध्ये गेले. धीर म्हणतात तो हा. पैसा, मैदान, प्रशिक्षक, सामने आणि हरण्याची परवानगी, हे सगळं कागदावर लिहून दिलेलं.

मुलींनाही ‘अॅरोज’ मिळालं. विश्वचषकाआधी एका हंगामापुरतं. नंतर त्याच वर्षी तो संघच बंद झाला. मुलांचे पाच, मुलींचा एक.

यावर एक माणूस हमखास म्हणतो, ‘बाई, आकडे तर बघा. मुलांनी नऊ खाल्ले, मुलींनी सोळा. मुलांनी एक तरी केला.’ चला, आकडेच बघू. मुलांच्या स्पर्धेचं यजमानपद आपल्याला डिसेंबर २०१३ मध्ये मिळालं होतं. तयारीला जवळजवळ चार वर्षं मिळाली. मुलींची स्पर्धा मुळात २०२० सालची. तिच्यासाठी एक तुकडी घाम गाळत होती. करोनात स्पर्धा पुढे गेली, मग रद्द झाली आणि त्यातल्या अनेक मुली वयाने बाद झाल्या. त्यांच्या वाट्याचा विश्वचषक त्यांना आता कधीच मिळणार नाही. २०२२ साठी तुकडी पुन्हा उभी करावी लागली. त्या उन्हाळ्यात युरोपच्या दौऱ्यात सहायक प्रशिक्षकाबद्दल लैंगिक गैरवर्तनाची तक्रार झाली आणि त्याला काढून टाकावं लागलं. ऑगस्टमध्ये महासंघाच्या खुर्च्यांच्या भांडणापायी फिफाने भारतावर बंदी घातली. स्पर्धा दोन महिन्यांवर आली असताना ती इथे होणार की नाही हेच अकरा दिवस ठरत नव्हतं. खुर्च्यांसाठी भांडले मोठे पुरुष आणि टांगणीला लागल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी.

कप्तान अष्टम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी मुलगी. तिच्या सन्मानासाठी गावात रस्ता होत होता आणि त्या रस्त्यावर तिचेच आईबाप मजुरीला होते, अशी बातमी तेव्हा आली होती. देशाची कप्तान मैदानात आणि तिचे आईबाप खडी टाकायला! मजुराच्या घरातून इथवर आलेल्या या मुलीला आठ गोलांचा जाब विचारणारे आपण कोण?

आणि समोर अमेरिका होती. तिथे १९७२ साली कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत शिक्षणात आणि खेळात मुलींना डावलता येणार नाही, असा. त्या कायद्याला पन्नास वर्षं झाली त्याच साली आपल्या मुली अमेरिकेपुढे उभ्या राहिल्या. ते आठ गोल अकरा मुलींनी नाही केले, पन्नास वर्षांच्या कायद्याने केले. आपल्याकडे पुरुषांची राष्ट्रीय लीग १९९६ साली सुरू झाली, बायकांची २०१६-१७ च्या हंगामात. वीस वर्षं उशिरा. या वीस वर्षांचे गोल कुणाच्या खात्यावर मांडायचे?

बायकांना फुटबॉल जमत नाही म्हणणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९२० च्या नाताळात इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या मैदानावर कारखान्यातल्या कामगार बायकांचा सामना बघायला पन्नास हजारांवर माणसं जमली होती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने ‘हा खेळ बायकांना योग्य नाही’ असं ठरवून आपल्या मैदानांचे दरवाजे त्यांना बंद केले. जवळजवळ पन्नास वर्षं बंद ठेवले. ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत बंदी होती. आधी दार बंद करायचं आणि मग ‘या आत का आल्या नाहीत?’ म्हणून हसायचं, ही रीत जुनीच आहे.

आता आपल्या दारात येऊ. शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होतात. तालुक्याला एक सामना हरलं की वर्ष संपलं. हा नियम मुलामुलींना सारखाच आहे, असं सांगतात. पण मुलग्याचं वर्ष तिथे संपत नाही. त्याच्यासाठी गावोगाव कुठल्या ना कुठल्या पुढाऱ्याच्या नावाचे चषक असतात, नदीकाठचं रान असतं, अंधार पडेपर्यंत खेळायची मुभा असते. तो वर्षभर हरतो आणि हरता हरता शिकतो. मुलीचा अख्ख्या वर्षाचा खेळ त्या एका दुपारी असतो. आमच्या भागातल्या कबड्डी खेळणाऱ्या मुलींना मी विचारलं, वर्षात किती सामने होतात? कुणी दोन म्हणाली, कुणी तीन. एवढ्यावर घरचे ठरवतात की पोरीत काही आहे की नाही. एकीचा बाप मला सरळ म्हणाला, ‘दोन वर्षं खेळू दिलं ताई, काय आणलं तिनं?’ त्याचा मुलगा सहा वर्षांपासून गावच्या संघात खेळतो. त्यानं काय आणलं, हा प्रश्न त्या घरात अजून कुणाला पडलेला नाही.

आणि खेळाडू घडायचं वय कोणतं? पंधरा ते एकोणीस. नेमकं तेच वय आपल्याकडे स्थळं यायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायकांत सुमारे बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पुलापलीकडच्या बीड जिल्ह्यात हा आकडा चाळिसाच्या वर होता, आणि आमचा जालनाही फार मागे नव्हता. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना वयात आलेली पोर मागे ठेवायची धास्ती असते, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी त्या आईला दोष देत नाही. पण कालव्याचं पाणी शेपटाच्या शेतापर्यंत पोचत नाही तेव्हा आपण शेताला नापीक म्हणत नाही. पाणी कुणी अडवलं ते विचारतो.

या सगळ्यात एक मोठी लबाडी आहे, ती ओळखायला हवी. मुलीला धीर मिळत नाही, पण मुलीकडून धीर मागितला मात्र सतत जातो. प्रशिक्षक अंगचटीला येतो? धीर धर, संघातून जाशील. कपडे बदलायला आडोसा नाही, संडास नाही? धीर धर. पाळीत पोट दुखतंय? धीर धर. २०२३ साली दिल्लीत जंतरमंतरवर बसलेल्या, देशाला पदकं आणून दिलेल्या पैलवान मुलींनाही हेच सांगितलं गेलं. धीर धरायचा तिनं आणि मिळायचा त्याला, यालाच मी खेळातली पितृसत्ता म्हणते.

मुली थांबल्या मात्र नाहीत. धाराशिवच्या सारिका काळेच्या कप्तानीखाली २०१६ साली दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताने खो-खोचं सुवर्ण मिळवलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या मुलींची कप्तान प्रियंका इंगळे महाराष्ट्राचीच. आणि फुटबॉल? जुलै २०२५ मध्ये बायकांचा संघ थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून आशिया चषकासाठी पात्र ठरला. त्याच वर्षी वीस वर्षांखालच्या आणि सतरा वर्षांखालच्या मुलींनीही आपापल्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. २०२२ च्या पराभवानंतर तीन वर्षांत हे झालं. पण ही नावं मी पुरावा म्हणून देत नाही. जिंकली तरच धीर योग्य होता, असं म्हटलं की तो धीर राहत नाही, सावकारी होते. जी कधीच पदक आणणार नाही, तिलाही खेळायचा हक्क आहे. मुलग्यांना तो आहेच.

मैत्रिणींनो, म्हणून काही ठोस गोष्टींचा आग्रह आपल्या गटांनी धरायला हवा. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत मुलींच्या प्रत्येक संघाला निदान तीन-चार सामने मिळतील अशी साखळी पद्धत मागा. क्रीडा अधिकाऱ्याला निवेदन द्या, दर वर्षी द्या. गावचं मैदान आठवड्यातून ठरलेल्या संध्याकाळी मुलींसाठी राखून ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत मांडा. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा क्रीडासंस्थांना, मैदानांना, क्रीडासंकुलांनाही लागू आहे, आणि अठराच्या आतल्या मुलींसाठी पॉक्सो आहे. जिल्ह्याची स्थानिक समिती कुठे बसते, तिच्याकडे तक्रार कशी करायची, हे प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहून घ्या. आणि आठ मार्चला हार घालायचे असतील तर या वर्षी तालुक्याला पहिल्याच फेरीत हरून आलेल्या पोरींना घाला. त्यांना विचारा, पुढचा सामना कधी आहे? आणि तो नसेल, तर तो भरवायची तयारी ठेवा.