पडदा थोडा, घर सगळं

सहा-सात वर्षांच्या मुलाला पडद्यासमोर बसवून शिकवणं कठीण. पडद्यावरून एक काम सांगून त्याला घरभर पळवणं मात्र जमतं, आणि खरं शिकणं त्या पळापळीत होतं.

यंदा अतिवृष्टीमुळे शाळांना सुट्टी मिळाली, तेव्हा भाचीच्या पहिलीच्या बाईंनी दिवसभराचे उपक्रम ग्रुपवर पाठवले. सकाळी त्या थोडा वेळ ऑनलाइन आल्या, एक गोष्ट सांगितली आणि म्हणाल्या, ‘आता स्वयंपाकघरात जा, मूठभर चवळी मागा आणि दहा-दहाचे ढीग करा.’ फोन पलंगावरच राहिला. आजी डबा घेऊन जमिनीवर बसली. एका ढिगात नऊच दाणे निघाले म्हणून पोरीने सगळे पुन्हा मोजले. ‘तीन ढीग आणि चार उरले,’ असं ती आधी तोंडाने म्हणाली, मग पाटीवर 34 लिहिले. दशक आणि एकक हे शब्द बाईंनी उच्चारलेही नव्हते. दुपारचं काम होतं सरळ उभ्या कडांचा डबा गच्चीत ठेवून साचलेलं पाणी पट्टीने मोजायचं. संध्याकाळी आजीला तिच्या लहानपणीच्या पावसाबद्दल विचारायचं.

ही समज आपल्याकडे नवी नाही. कोरोनामुळे शाळा बंद असताना, जुलै 2020 मध्ये, केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं ठरवली. महाराष्ट्राने पहिली-दुसरीच्या अर्ध्या तासाची वाटणीच करून दिली: 15 मिनिटं पालकांशी संवाद, 15 मिनिटं मुलांची कृती. पालकांना सोबत घेतल्याशिवाय या वयात काही पोचत नाही, हे त्यात मान्य केलं होतं. त्याच महिन्यात सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेल्या ‘टिलीमिली’ने फळ्यासमोरचे शिक्षक बाजूला ठेवले आणि घरातल्या माणसांसोबत काहीतरी करून पाहणारी मुलं दाखवली. मला तो कार्यक्रम फार मोलाचा वाटतो. पालघरच्या काही आदिवासी पाड्यांवर तर इंटरनेटही नव्हतं; तिथे लाउडस्पीकरवरून धडे ऐकवले गेले.

आता शाळा सुरळीत भरतात आणि ऑनलाइन दिवस क्वचित येतो. पण येतो तेव्हा पुष्कळ ठिकाणी ग्रुपवर रंगीत वर्कशीटची रांग लागते. ‘प्रिंट काढून सोडवून घ्या आणि फोटो टाका.’ भर पावसात प्रिंट काढायला कुणी कुठे जायचं? फोटो चांगला यावा म्हणून चिकटकाम आईच करते, मूल शेजारी उभं राहतं. ज्या घरातला एकुलता एक स्मार्टफोन बाबांबरोबर कामावर गेला, तिथे तर रात्री आठपर्यंत कुणाला काही कळतच नाही. हे मला सलतं, कारण मागे पडणारं मूल प्रत्येक वेळी त्याच घरातलं असतं.

बाईंनी आणि गुरुजींनी उपक्रम निवडताना एवढंच तपासावं: तो साध्या फोनवर दोन मिनिटांत सांगता येईल का, आणि घरात आहे त्याच सामानात होईल का? फोटो मागूच नये. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारावं, ‘तुझ्या डब्यात किती पाणी साचलं?’ आणि प्रत्येकाचं उत्तर फळ्यावर लिहावं.