वरचं पान पिवळं का खालचं? आधी ते बघा, मग बाटली घ्या



गेल्या आठवड्यात इंदापूर भागात एका पाव्हण्याच्या खोडव्यात गेलो होतो. अडीच महिन्यांचा ऊस. पोंगा पिवळा, मधे मधे पार पांढरा. केवडा पडलेला. बांधावर तीन रिकाम्या बाटल्या. एकीवर लिहिलेलं एन्झाइम, दुसरीवर मेटाबॉलिझम बूस्टर, तिसरीवर नुसतं वाघाचं चित्र. वरनं एकरी दोन गोणी युरिया टाकलेला. ऊस जिथल्या तिथं.

मी त्याला हसलो नाही. सहा वर्षांपूर्वी मी हेच केलंय. दुकानात जाऊन म्हणालो, "ऊस पिवळा पडलाय, काहीतरी द्या." दुकानदारानं काहीतरी दिलं. त्या वर्षी त्या तुकड्यात एकरी ३८ टन निघाला, बांधापलीकडं भावाच्या रानात ५१. बाटल्यांची उधारी मी बिलातून फेडली.

आता मुद्द्याचं बोलतो. मी दहावी पास माणूस, पण नंतर विचारून, वाचून जे समजलं ते असं.

पानाच्या प्रत्येक पेशीत रात्रंदिवस काम चालू असतं. साखर तयार करायची, ती जाळून ताकद काढायची, नत्रापासून प्रथिनं बांधायची. या सगळ्याला मेटाबॉलिझम म्हणतात. प्रत्येक कामाला वेगळं एन्झाइम. एन्झाइम म्हणजे प्रथिनच. हे सिद्ध केलं जेम्स समनर नावाच्या अमेरिकन माणसानं, १९२६ साली. एक हात गमावलेला माणूस. आपल्या अबईच्या कुळातल्या एका शेंगेच्या दाण्यातून त्यानं युरिएज वेगळं काढलं. आपण टाकलेला युरिया जमिनीत फोडणारं एन्झाइम ते हेच. बरीच वर्षं लोकांनी त्याचं ऐकलं नाही, १९४६ ला नोबेल मिळालं. आणि १९७५ ला कळलं की त्या युरिएजच्या पोटात निकेल हा धातू आहे. तो नसेल तर ते युरिया फोडत नाही.

कितीतरी एन्झाइमांचं असंच आहे. धातू लागतो. कुणाला लोह, कुणाला जस्त, कुणाला मॉलिब्डेनम. मोटार आहे, लाईट आहे, पण फ्यूजची तार नाही, तर दुसरी मोटार आणून पाणी येईल का?

आता युरियाचं बघा. जमिनीत त्याचा अमोनिया होतो, मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि बराचसा नत्र त्याच रूपात मुळीवाटे आत जातो. आत गेलेल्या नायट्रेटचं प्रथिन व्हायच्या आधी दोन एन्झाइमांच्या हाताखालून जावं लागतं. पहिल्याला लोह आणि मॉलिब्डेनम लागतं, दुसऱ्याला लोह. हरितद्रव्य बांधायच्या कामातही लोह लागतं. म्हणजे लोहाअभावी पिवळा पडलेल्या उसाला युरिया टाकणं म्हणजे चूल विझलेली असताना पातेल्यात तांदूळ वाढवत बसणं.

मग बाटलीतलं एन्झाइम का नको? एक तर प्रथिनाचा कण मोठा, पानाच्या मेणचट कातडीतून तो धड आत जात नाही. दुसरं, बहुतेक एन्झाइम उन्हाच्या तापानं बिघडतात, आणि दुकानाचा पत्रा मे महिन्यात किती तापतो ते आपल्याला माहीत आहे. तिसरं आणि मोठं, ऊस स्वतःची एन्झाइमं स्वतः बनवतो. त्याला कमी पडतंय लोह.

बाटलीतलं सगळंच खोटं, असं मी म्हणत नाही. ह्युमिक, समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो यांचा उपयोग कुठं कुठं होतो. २०२१ ला केंद्रानं बायोस्टिम्युलंट खत नियंत्रण आदेशात घेतलेत. त्यामुळं लेबलवर काय आहे, किती टक्के आहे, हे विचारायचा आपला हक्क आहे. पण केवड्यावर ते औषध नाही.

आता खरी गंमत. आपल्या रानात लोह नाही असं नाही, भरपूर आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात बऱ्याच जमिनी चुनखडीच्या. माझ्या रानाचा सामू ८.४ निघाला. अशा जमिनीत लोह गंजासारखं घट्ट बसतं. ऊस गवताच्या जातीचा, त्याची मुळी एक पदार्थ सोडून लोह धरून आणते. पण आवर्तन आलं की आपण रान तुडुंब भरतो, मुळीला हवा मिळत नाही, पाण्यातलं बायकार्बोनेट वाढतं आणि मुळी हात टेकते. ही चूक दुकानदाराची नाही, माझी आणि तुमची.

ओळखायचं कसं? नत्र कमी पडला तर झाड जुन्या पानातला नत्र काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं पिवळी. लोह असं हलत नाही, म्हणून पोंग्याजवळची नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, खालची पानं चांगली. एवढं बघायला पैसा लागत नाही.

मी काय केलं ते सांगतो. पाणी तोडून वाफसा आणला. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम आणि सायट्रिक अ‍ॅसिड १५ ग्रॅम, संध्याकाळी फवारलं. दहा दिवसांनी परत. पुढच्या लागणीला एकरी १० किलो फेरस सल्फेट १०० किलो कुजलेल्या शेणखतात आठवडाभर मुरवून सरीत दिलं. ड्रिपवाल्यांनी एक ध्यानात ठेवा. ईडीटीए लोह फवारणीला चालतं, पण आपल्या जमिनीत ते लोह सोडून चुन्याला धरतं. ड्रिपमधून द्यायचं तर ईडीडीएचए. महाग आहे, पण टिकतं.

आणि शेतीतज्ञ मंडळींना हात जोडून विनंती. मोबाईलवर फोटो बघून डोस लिहू नका. आधी विचारा, वरचं पान का खालचं, सामू किती, चुनखड किती, शेवटचं पाणी कधी दिलं. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून आपल्या उशाला आहे. बारामतीच्या केव्हीकेत माती तपासून मिळते. माळेगावला अजैविक ताणाची राष्ट्रीय संस्था आहे. एवढं सगळं हाकेच्या अंतरावर असताना आपण वाघाच्या चित्राला पैसे देतोय.

तो पाव्हणा उद्या मातीचा नमुना घेऊन निघालाय. तुमचा रिपोर्ट असला तर खाली सामू आणि चुनखड लिहा, आपापल्या गावाच्या नावासकट. माझं चुकत असलं तर बांधावर या, चहा पिऊन भांडू.